गावातल्या घरी गाणं रेकॉर्ड करायचंय? मग आधी लाइटीची गुणगुण बंद करा

स्वतःची गाणी रेकॉर्ड करायला नागपूर-अमरावतीचा स्टुडिओ लागत नाही, गावातल्या घरी एका खोलीत मस्त काम होते. पण व्हिडिओत जे सांगून राहिले ना, आधी महागडा माइक घ्या, मग भिंतीला फोम चिटकवा, ते शहरातल्या फ्लॅटसाठी ठीक आहे. आपल्याकडे पहिला प्रश्न लाइटीचा असते आणि त्यावर कोणीच धड बोलत नाही.

सामान थोडंच लागते. लॅपटॉप, यूएसबीवर चालणारा दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपात नेणारा डबा), एक डायनॅमिक माइक (जवळचाच आवाज जास्त घेणारा), स्टँड, पॉप फिल्टर ('प', 'फ'ची फुंकर अडवणारी जाळी), एक्सएलआर केबल (माइकची तीन पिनांची वायर) आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. माइक डायनॅमिकच घ्या, शुअरचा एसएम ५८ किंवा तसाच दुसरा. कंडेन्सर म्हणजे बारीक आवाजही पकडणारा माइक, त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) लागतो तो इंटरफेस देऊन देते, अडचण ती नाही, पण तो माइक शेजारच्या वाड्यातली बकरी, चक्कीचा पट्टा, रस्त्यावरचा ट्रॅक्टर सगळं घेऊन बसते. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर म्हणून लॅपटॉपवर रीपर टाका, ६० दिवस फुकट वापरून पाहता येते, मग आवडलं तर लायसन घ्या.

खोलीसाठी अंड्याचे ट्रे लावू नका, त्यानं काही होत नाही. आपण कापसाच्या मुलखात राहतो, जुनी कापसाची जाड गादी त्या ट्रेपेक्षा कितीतरी पटीनं आवाज शोषते. फक्त ती गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. काऊन, तर माइकचं तोंड गाणाऱ्याकडे असते म्हणजे गाणाऱ्याच्या मागची भिंत माइकला सगळ्यात जास्त ऐकू येते. लोक समोर माइकच्या मागे टांगतात आणि मग म्हणतात घुमारा जात नाही.

आता मुख्य गोष्ट. सगळं जोडलं, हेडफोन घातला, कोणी गात नाही तरी मागं एक आवाज चालूच. माझे सगळ्यात जास्त दिवस यातच गेले, म्हणून सविस्तर सांगतो. आधी तो आवाज कसा आहे ते कान देऊन ऐका. जाड, खालच्या सुराचा, एकसारखा 'हूंऽऽ' असेल तर तो आपल्या लाइटीचा ५० हर्ट्झ आहे, बहुतेक वेळा अर्थिंगचा घोळ. टोकदार 'झर्रर्र' असेल तर इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर नाहीतर चार्जर पाहा.

मग पहिलं काम, लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. गुणगुण गेली? मग दोषी सापडला. यूएसबीचा इंटरफेस लॅपटॉपवरूनच पॉवर घेते म्हणून चार्जर काढला की सगळी साखळी लाइटीपासून सुटते, आणि खरं सांगतो, गाण्याचा टेक, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्डिंग, बॅटरीवरच घ्यावा, यापेक्षा स्वस्त आणि पक्का उपाय नाही. दुपारी चार्ज करा, टेकच्या वेळी काढा. लाइट गेली तरी टेक तुटत नाही हा फायदा वेगळाच.

तरी गेली नाही तर घरातल्या वस्तू एकेक करून बंद करत जा, पंखा, फ्रिज, एलईडी, इन्व्हर्टर, आणि दर वेळी ऐका. साधा स्क्वेअर वेव्हवाला इन्व्हर्टर असेल तर तो चालू असताना रेकॉर्डिंग करूच नका, साइन वेव्हवाला चालते. स्पीकर, वाजवायचा कीबोर्ड, लॅपटॉप वेगवेगळ्या बोर्डात लावले असतील तर सगळे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा, दोन ठिकाणून अर्थ मिळाली की त्या चक्करमध्ये गुणगुण शिरते. माइकची केबल लाइटीच्या वायरला लागून नेऊ नका, आडवी ओलांडली तर चालते.

आणि एक सल्ला गावोगावी देतात, प्लगची जाड पिन तोडून टाक, आवाज जाते. भाऊ, हे करू नका. आवाज जाईलही, पण ती पिनच तुमचा जीव वाचवते. माइक लोखंडी जाळीचा, ओठ त्याला टेकलेले, आणि हात एखाद्या दुसऱ्या मशीनवर. माइकला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्या दिवशी रेकॉर्डिंग थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. बऱ्याच जुन्या घरात बोर्डात तीन भोकं असतात पण तिसऱ्याला वायरच नसते. न्यूट्रलला अर्थ जोडून देतो म्हणणाऱ्यालाही तसंच परत पाठवा. नीट खड्डा खोदून, पाइप नाहीतर प्लेट टाकून अर्थिंग करून घ्या आणि मीटरनं मोजून दाखव म्हणा. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, ओल गेली की अर्थिंग कमजोर होते, म्हणून एप्रिल-मे महिन्यात त्या खड्ड्यात पाणी टाकत राहा.

बाकी सोपं आहे. रीपरमध्ये रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, सगळ्यात मोठ्यानं गाताना मीटरवर लेव्हल उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर चालू करा, मग माइकचा आवाज लॅपटॉपात न फिरता थेट हेडफोनमध्ये येते.

पेटी वाजवणार असाल तर ट्यूनर ॲपमध्ये पांढरी सहा (सहावी पांढरी पट्टी) तपासा, ४४० हर्ट्झ किंवा त्याच्या निम्मी-दुप्पट यायला पाहिजे. नाही आली तर पेटीला हात लावू नका, कीबोर्डचं ट्यूनिंग पेटीवर आणा, आणि हे पहिला ट्रॅक घ्यायच्या आधी करा. खंजिरी आणि ढोलकी गाण्यासोबत एकाच माइकवर घेऊ नका, नंतर आवाज नीट वेगळा काढता येत नाही.

उन्हाळ्यात कूलर बंद करावाच लागते, म्हणून गाणं पहाटे घ्या. पावसाळ्यात रात्री रातकिडे आणि टिनाच्या छपरावरचा पाऊस, तेव्हा दुपार बरी. आणि टेक संपला की लॅपटॉप बंद करायच्या आधी सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर टाका.