मुंबई ते न्यूयॉर्क : फूटपट्टी बाजूला ठेवा, दोरा घ्या

लेक न्यूयॉर्कजवळच्या एडिसनला राहायला गेली तेव्हा 'किती लांब गं?' म्हणून मी भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर फूटपट्टी लावली. विषुववृत्ताच्या मापाने हिशेब केला, तर सोळा हजार किलोमीटरच्या वर गेला. जावई हसले. तीस वर्षं ब्लाउज शिवते मी, छातीचा घेर कधी फूटपट्टीने घेतला नाही. पृथ्वीचा मात्र घ्यायला निघाले होते!

मुलांचा पृथ्वीगोल, शिवणाचा दोरा आणि टेप, एवढंच लागतं. दोरा सुती हवा; लोकर ताणते आणि माप खोटं येतं.

आधी टेप विषुववृत्तावरून फिरवा. माझ्या गोलाचा घेर 64 सेंटीमीटर भरला. पृथ्वीचा तिथला घेर 40,075 किलोमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरला साधारण 626. हा आकडा गोलाच्या बुडाला पेनाने लिहून टाका, दर वेळी भागाकार नको.

आता दोऱ्याचं एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबायचं, दुसरं न्यूयॉर्कवर न्यायचं आणि ओढायचं. चूक होते ती इथेच. नकाशाची सवय असल्यामुळे हात दोरा अरबस्तान, भूमध्य समुद्र असा आडवा नेतो. तसा नेलात तर झोल राहतो. बोटाने दोरा हलकेच वर ढकलत ओढत राहा. झोल संपला की तो आपणहून उत्तरेला चढतो: रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, आइसलँडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला वळसा घालून कॅनडातल्या लॅब्राडोरला उतरतो. मुंबईहून अमेरिकेला जायचं आणि वाटेत आइसलँड! मी दोनदा सोडून पुन्हा लावला, तेव्हा विश्वास बसला.

दोन्ही टोकांना पेनाची खूण करा, दोरा टेपवर ठेवा. माझा बरोबर 20 सेंटीमीटर आला, म्हणजे 12,520 किलोमीटर. संगणकावर गुगल मॅप्समध्ये मुंबईवर राइट क्लिक करून 'अंतर मोजा' घेतलं आणि न्यूयॉर्कवर क्लिक केलं, तरी साडेबारा हजारांच्याच आसपास येतं. गोलावर एक मिलिमीटर चुकला की साठेक किलोमीटर चुकतात, तेवढं चालायचंच.

विमान याच रेघेवरून जाईल असं मात्र नाही. 2022 पासून अमेरिकी विमानांना रशियाचं आकाश बंद आहे, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं बंद केलं. शिवाय वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, म्हणून अंतर तेच असलं तरी जाताना वेळ जास्त लागतो.

थेट तिकीट महाग पडत असेल तर दोरा लंडनला टाचणी टोचून तिच्यावरून न्या. जेमतेम तीन-चार मिलिमीटर वाढतो. दुबईवरून नेला तर सात. एवढी माया तर मी प्रत्येक ब्लाउजच्या शिवणीत सोडते.