लेकराच्या सांभाळाचं साल ठरवताना

प्रसूती रजा संपायला दोन महिने उरले की तयारीला लागा. लेकराला सांभाळायला पंधरा दिवसांत कोणीतरी मिळेलच, या भरवशावर मी बसले होते आणि पहिल्याच वर्षी तोंडघशी पडले. मी यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, नवरा वर्ध्याला अप-डाउन करतो, सासूबाईंचे गुडघे गेलेले. अशा घरांसाठी ही यादी आहे. घरात धडधाकट आजी असली तरी वाचा, कारण आजीलाही वर्षातून चार लग्नं आणि एक पंढरपूर असतंच.

पैशाचं बोलण्याआधी आपला दिवस तासांत मांडा. शाळा सुटते पाचला, म्हणून लेकरू सांभाळणारी मावशी पाचपर्यंत, असा हिशोब करू नका. मी पावणेदहाला निघते, परत यायला साडेसहा तरी होतात. कधी केंद्रावर सभा निघते, कधी स्कूटी पंक्चर होते. म्हणून मी नऊ तास धरते. मार्चपासून शाळा सकाळची होते, तेव्हा तास कमी लागतात पण मावशी सहालाच दारात हवी. तिच्या घरी त्या वेळी पाणी भरायचं असतं, नवऱ्याचा डबा असतो. जमेल का ते आधीच विचारा, मार्चात विचारू नका.

आता पैसे. गावात भाव असा काही ठरलेला नसतो. शेजारची देते तेवढे आपण देतो. समजा महिन्याला 4000 ठरले. पंचवीस दिवस, रोज नऊ तास, म्हणजे 225 तास. तासाला अठरा रुपयेही पडत नाहीत. हा भागाकार मी तेव्हा केला नव्हता. मावशीने केला होता, फक्त तोंडी आणि कापसाच्या हिशोबात. वेचणीचा भाव किलोला दहा रुपये धरा, सराईत बाईने दिवसाला तीस किलो वेचला तर 300 रुपये. आमच्याकडे तिला दिवसाचे पडत होते 160. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी ती लेकीला माझ्या हातात देऊन म्हणाली, “मॅडम, वेचा लागला ना आता. उद्यापासून मले नाही जमत.” मी रागावले, मनात नाही नाही ते बोलले. चूक तिची नव्हती. जानेवारीपर्यंत कोणी दुसरी मिळाली नाही, कारण गावातली प्रत्येक चालती-फिरती बाई वावरात होती.

तर यादीतली सगळ्यात मोठी गोष्ट ही: सांभाळाचे पैसे महिन्याचे ठरवू नका, सालाचे ठरवा. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे शेतात वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल गुढीपाडव्याला ठरतं. किती रक्कम, किती धान्य, कपडे-चप्पल कोणाकडून, खाडे किती, सगळं चार माणसांत बोललं जातं. बैलांची देखभाल करणाऱ्याशी इतकं नीट बोलतो आणि पोटच्या लेकराच्या बाबतीत “द्या तुम्हाला वाटेल ते” यावर निभावतो, हे मला आता विचित्र वाटतं. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झालं की वेचणी सुरू, आणि उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापूस संपेपर्यंत, बाईमाणूस वावरात. त्यातले ऐन गर्दीचे तीन महिने वेगळ्या दराचे ठेवा. नऊ महिने 4000 आणि तीन महिने 6000 धरले तर वर्षाचे 54,000 होतात, म्हणजे सरासरी महिन्याला 4500. वाढलेला बोजा महिन्याकाठी 500 रुपये. त्यात तुमचे तीन महिने वाचतात. सहा हजारही पूर्ण वेचणीच्या बरोबरीचे नाहीत, पण सावलीत बसून, पाठ न मोडता मिळतात. आमच्या मावशीने तेवढ्यावर होकार दिला. तुमच्या गावी भाव वेगळा असेल तर आकडे बदला, पद्धत तीच ठेवा. सालदाराची उचल तेवढी या पद्धतीतून वगळा. उचल देऊन माणूस बांधून ठेवायची सवय लेकराच्या कामात नको.

उन्हाळ्याच्या सुट्टीचं आधी बोला. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. इतके दिवस मी घरी, मग पैसे द्यायचे की नाही? मी निम्मे देते. काहीच दिलं नाही तर ती दुसरीकडे लागणार, आणि जूनमध्ये मी पुन्हा दारोदार. दिवाळीला साडी द्यायची की रोख, हे तिलाच विचारा. आमचीने रोख सांगितलं आणि वर म्हणाली, “साड्या लय हायेत.”

सरकारी सोयींबद्दल भ्रमात राहू नका, पण त्या सोडूही नका. 2 ऑक्टोबर 1975 पासून सुरू झालेली अंगणवाडी हे पाळणाघर नव्हे. तीन ते सहा वर्षांचं लेकरू तिथे काही तास बसतं, खातं, शिकतं. त्याहून लहान असेल तर आहार घरी न्यायचा. दुपारनंतर कोण, हा प्रश्न उरतोच. मात्र तीन वर्षं पूर्ण झाल्यावर मावशीचे तास कमी होतात, तेव्हा दर पुन्हा बोला. केंद्राच्या पालना योजनेत काही ठिकाणी अंगणवाडीलाच जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवतात. तुमच्या भागात आहे का, हे तालुक्याच्या बाल विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा. फोनवर सरळ उत्तर मिळत नाही, हा माझा अनुभव. जिनिंगमध्ये किंवा कंपनीत काम करणाऱ्या बायांनी एक लक्षात ठेवावं. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. आमच्या शाळेत शिक्षक दोन, म्हणजे आम्ही दोघीच एकमेकींचं पाळणाघर. राज्य सरकारच्या 2018 च्या निर्णयानुसार आम्हाला सगळ्या सेवेत मिळून 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत वापरता येणारी. पहिल्याच वर्षी ती सगळी उधळू नका. गोवर, दवाखाना, दहावी, सगळं पुढे आहे. आयकरात काही सुटेल अशी आशा धरू नका. जुन्या करप्रणालीत शाळेच्या ट्यूशन फीला वजावट मिळते, मावशीच्या पगाराला नाही.

लेकरू आपल्या घरी ठेवायचं की तिच्या, हे दर ठरवण्याआधी तिच्या घरी अर्धा तास बसून ठरवा. चहा घ्या आणि नजर फिरवा. विहिरीला कठडा आहे का, फवारणीचं औषध कुठे ठेवलंय. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, तरी औषधाची बाटली अजून कित्येक घरांत तेलाच्या बाटलीशेजारी असते. हंगामात घरभर कापूस साठवलेला असतो, त्याने लेकरांच्या अंगाला खाज सुटते, आणि चुलीची ठिणगी वेगळीच. आपल्या घरी ठेवणार असाल तर कूलरकडे बघा. अर्थिंग नसलेला लोखंडी कूलर आणि ओल्या पायांचं रांगतं लेकरू, एवढंच म्हणते. इलेक्ट्रिशियनचे पैसे याच बजेटात धरा.

दुधाचं: काढून ठेवलेलं आईचं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं असं सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीतच चाळीस असतात. तेव्हा ते थेट फ्रिजमध्ये, आणि लाइट किती वेळ जाते ते बघून. वरच्या दुधाचा रतीब, खिचडीचं सामान, साबण, हे पगारातून तिने आणायचं नाही. आपण भरून द्यायचं.

दाराच्या आत एक कागद चिकटवा, मोठ्या अक्षरात: आपले दोघांचे नंबर, शेजारच्या काकूंचा, आशाताईंचा आणि 108. लसीकरणाचं कार्ड त्याच कपाटात. घराण्यात सिकलसेल असेल तर लेकराची तपासणी रजेतच उरकून घ्या, आणि आजार निघाला तर मावशीला सांगा. ताप किंवा अंगदुखी आली की वाट न बघता फोन करायचा, हे तिला माहीत हवं.

शेवटचा आठवडा सरावाचा. पगार त्याच आठवड्यापासून सुरू करा, “अजून तर तुम्ही घरीच आहात” असं म्हणू नका. पहिले दोन दिवस तुम्ही घरात, पुढचे दोन अंगणाबाहेर, मग एक दिवस खरोखर शाळेपर्यंत जाऊन या.

एक मुद्दा मी कागदावर विसरले होते, तो मावशीनेच घातला. यंदा सीतादही झालं, तरी ती सोमवारी वेळेवर आली, पण कमरेला वेचणीचं फडकं खोचलेलं. म्हणाली, “मॅडम, काल रविवार होता ना.” रविवारी मी घरी असते आणि ती वावरात. साल ठरवताना लिहून ठेवा: रविवार तिचा.