वरच्या मजल्याची भट्टी होतेय? नवीन घरात या चुका टाळा

आमचं अकोल्याचं घर डिसेंबरमध्ये बांधून झालं, वास्तुशांतीला वरच्या बेडरूममध्ये आम्ही स्वेटर घालून बसलो होतो, त्यामुळे कुणाच्या मनातही आलं नाही की मार्च संपता संपता हीच खोली रात्री बारा वाजता धगधगत असेल. मेमध्ये तर आईबाबांच्या गाद्या खाली हॉलमध्ये आणाव्या लागल्या. दोन उन्हाळे आम्ही भलत्याच गोष्टींवर पैसे घातले, तुमचे तरी वाचावेत म्हणून हे लिहितेय.

पहिली चूक म्हणजे खोली कधी तापते ते न बघताच उपाय सुरू करणे. दोन-तीन दिवस नीट लक्ष ठेवा. दुपारी चार ते सात खोली जास्त तापत असेल तर पश्चिमेची भिंत आणि खिडकी बघा. बाहेर वारा गार झाला तरी आत रात्री दहा ते दोन उकडतंय, स्टुलावर उभं राहून छताला हात लावला की गरम लागतं, मग दोष स्लॅबचा. पाच-सहा इंचाचं काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि ती उष्णता काही तास उशिरा खाली सोडतं, म्हणून तर आपण झोपायला जातो तेव्हाच खोली तापलेली असते. आणि दुपारी भयंकर गरम पण रात्री ठीक असेल तर बहुतेक दिवसभर खिडक्या उघड्या राहतायत.

आम्ही काय केलं, तर आधी पीओपीचं सीलिंग करून घेतलं. कंत्राटदार म्हणाला गार होईल, झालं नाही, म्हणजे थोडा फरक पडतो पण वरचा स्लॅब तापलेलाच राहतो आणि तो मग सीलिंगला तापवतो. शिवाय खोलीची उंची कमी झाली, पंखा डोक्याशी आला. हे मला आता पक्कं पटलंय की उष्णता स्लॅबमध्ये शिरायच्या आधी गच्चीवरच अडवायची, आतून कितीही केलं तरी ते अर्धवटच.

सगळ्यात स्वस्त आणि खरंच काम करणारा उपाय म्हणजे चुना. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवायचा, गाळून त्यात थोडं फेव्हिकॉल घालायचं आणि गच्ची स्वच्छ झाडून-धुऊन वाळल्यावर दोन हात द्यायचे. धूळ तशीच ठेवून मारलात तर आठ दिवसात पोपडे निघतात, ही चूक खूप जण करतात. अजून एक, चुना भिजवताना तो अक्षरशः उकळतो, तेव्हा पातळ प्लास्टिकची बादली नको, लोखंडी ड्रम घ्या, चुन्यात पाणी ओतू नका, पाण्यात थोडा थोडा चुना टाका, डोळ्यांना चष्मा लावा आणि लेकरांना गच्चीवर येऊ देऊ नका. पावसात हा चुना निघून जातो, म्हणून दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा. कूल रूफ पेंट, म्हणजे ऊन परतवणारा गच्चीचा पांढरा रंग, जास्त टिकतो पण तोही धुळीने काळवंडला की कामाचा राहत नाही, अधूनमधून धुवावा लागतो. तेलंगणाने तर 2023 मध्ये कूल रूफचं धोरणच आणलं, म्हणजे हा काही फक्त गरिबाघरचा जुगाड नाही. आणि गळती असेल तर आधी ती काढा, पण वॉटरप्रूफिंगला काळी डांबरी शीट लावून ती तशीच उघडी ठेवू नका, तव्यासारखी तापते.

गच्चीवर पाणी मारायचं म्हणाल तर भर दुपारी तापल्या स्लॅबवर पाइप सोडणं मला चूक वाटतं, पाच-दहा मिनिटात वाळतं, आणि आपल्याकडे मेमध्ये पाणी येतं किती दिवसाआड ते माहीतच आहे. त्यापेक्षा हिरवी शेडनेट बांधा, फक्त ती स्लॅबवर अंथरू नका, निदान तीन-चार फूट वर ताणा म्हणजे खालून वारा खेळतो. सोलर लावणार असाल तर पॅनलचीही चांगली सावली पडते.

खिडक्यांचं म्हणाल तर विदर्भ-खान्देशात सकाळी नऊ-दहाला सगळं बंद करायचं आणि बाहेर गार झालं की सगळं उघडायचं, जिन्याच्या वरचा गच्चीकडचा दरवाजासुद्धा, कारण गरम हवा वर चढते आणि तिला तिथूनच वाट मिळते (जाळीचा दरवाजा लावा, डास आणि मांजरं नको). मुंबई-कोकणात मात्र हे चालत नाही, तिथे दमट हवेत वारा वाहताच हवा. आतले जाड पडदे उशिरा काम करतात, ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं. बाहेरून बांबूची चिक किंवा वाळ्याची ताटी लावा, छज्जा मोठा असेल तर उत्तमच.

कूलर लावून दारं-खिडक्या गच्च बंद करणारे बरेच आहेत. समोरची खिडकी थोडी उघडी पाहिजेच, नाहीतर दमट हवा आतच साठते आणि अंग चिपचिप होतं. एसी 16 वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त मशीन जास्त वेळ चालतं, 24-26 आणि सोबत पंखा पुरे.

ज्यांचं बांधकाम अजून चालू आहे त्यांना कळकळीने सांगते, आत्ताच इंजिनिअरला छताच्या इन्सुलेशनचं विचारा. बीईईच्या (ऊर्जा बचतीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) 2018 च्या इको निवास संहितेत, म्हणजे राहत्या इमारतींसाठीच्या नियमावलीत, छताचा यू-व्हॅल्यू जास्तीत जास्त 1.2 असावा असं दिलंय, हा आकडा जितका लहान तितकी उष्णता कमी येते, आणि नुसत्या आरसीसी स्लॅबचा तो जवळपास तिप्पट भरतो. स्लॅबवर एक्सपीएसची (उष्णता अडवणाऱ्या टणक फोमची) शीट आणि वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी हे आधी ठरलं तर सोपं जातं. पण मातीचा थर, बाग किंवा जाड कोबा नंतर टाकायचा असेल तर स्लॅब तेवढं वजन पेलेल का हे विचारल्याशिवाय एक घमेलंही वर चढवू नका.