जुनी जीप-पिकअप मूळ उंचीवर कशी आणावी

लासलगाव-पिंपळगाव भागात कांद्याच्या हंगामात वर्षानुवर्षं राबलेली महिंद्राची जुनी जीप-पिकअप विकत घेतली, की ती हमखास मागून उचललेली दिसते. कंपनीने ती तशी बनवलेली नसते. जास्त माल बसावा म्हणून आधीच्या मालकाने मागच्या कमानीत (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या, म्हणजे पाट्यांच्या, स्प्रिंगमध्ये) एक-दोन जादा पाटे घातलेले असतात, कधी तर ट्रकचे पाटे कापून. अशी गाडी रिकामी असली की खड्ड्यात उड्या मारते आणि पावसात ब्रेक दाबला की मागची चाकं घसरतात. लोक आधी तिला रंग देतात, नवं कुशन करतात, मग पाट्यांकडे वळतात. हा क्रम पूर्ण उलटा आहे. उंची आधी, रंग सगळ्यात शेवटी.

किती खाली आणायची? मूळ उंचीपर्यंत, त्याखाली नाही. इंटरनेटवर अमेरिकेतल्या जुन्या शेव्हर्ले सी-१० पिकअप जमिनीला टेकवलेल्या दिसतात, पण १९६३ नंतरच्या त्या गाड्यांना पुढे कॉइल स्प्रिंग आहे. आपल्या जीपला पुढेमागे सलग ॲक्सल आणि पाटे. त्यांचे उपाय इथे उचलून लावू नका. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मापांपासून गाडी बदलायला मनाई आहे आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं, तेव्हा हा प्रश्न दर वर्षी समोर येणारच. गाडीवर अजून जड माल न्यायचा असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. जादा पाटे काढल्यावर आरसी बुकावर लिहिलेल्या वजनाच्या पुढे एक पोतंही टाकायचं नाही.

सोपी कामं

प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन चिवट आहे. कॉम्प्रेशन ठीक असेल तर ते उघडू नका, नोझल आणि पंप तपासून घ्या.

ब्रेकचे सिलिंडर आणि रबरी होज सरळ नवे घाला.

पत्रा सडलेला असेल तिथे कापून नवा पत्रा जोडा. गंजावर लांबी (पुट्टी) थापणारा डेंटर दिसला तर गाडी तिथून परत आणा.

चेसीत मात्र एकच जागा नीट बघायची: पाट्यांचे हँगर जिथे चेसीला रिव्हेट केलेले असतात तिथला पत्रा. कोकणातल्या गाडीला ही जागा आतून पोखरलेली असते. हातोडीने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर पुढचं सगळं थांबवून आधी चेसीचं काम करा.

पाटे

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ झगडलो आणि चुकीचा सल्लाही इथेच सर्वांत जास्त मिळतो.

पहिला चुकीचा सल्ला म्हणजे गॅसने पाटा तापवून त्याची कमान सपाट करणे. गॅरेजवाला म्हणतो, पाच मिनिटांत गाडी खाली येईल. येते, हे खरं. पण पाट्याचं स्टील तापवून, तेलात बुडवून, पुन्हा ठरावीक तापमानाला नेऊन तयार केलेलं असतं. गॅसच्या ज्वाळेने ती मेहनत त्या जागी नष्ट होते. पाटा तिथे मऊ पडतो, काही महिन्यांनी आणखी बसतो आणि एखाद्या खड्ड्यात तुटतो. मेन पाटा (ज्याची टोकं चेसीला जोडलेली असतात तो) तुटला तर ॲक्सल जागेवर राहत नाही. पाट्यावर वेल्डिंग करणंही याच कारणाने वर्ज्य. कोणी कितीही अनुभवी असो, माझ्या गाडीच्या पाट्याजवळ गॅसचा नळ येऊ देत नाही.

दुसरा सल्ला म्हणजे ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालणे. ज्या जीपमध्ये ॲक्सल पाट्याच्या वर बसतो तिथे ठोकळ्याने गाडी खाली जाते. जिथे पाटा ॲक्सलच्या वर असतो तिथे तोच ठोकळा तिला आणखी उचलतो. हा फरक न बघता ठोकळे विकणारे आहेत. पुढच्या ॲक्सलला तर ठोकळा कधीच नको. ब्रेकच्या जोराने तो पिळवटतो आणि स्टिअरिंग तुमच्या हातात राहत नाही.

मग करायचं काय? सेट उघडून जे बाहेरचं आहे ते काढायचं.

एका वेळी एकच कोपरा सोडा, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते. चाकांना दगड लावा, चेसीखाली लोखंडी स्टँड ठेवा. विटांवर गाडी ठेवू नका, वीट अचानक फुटते. पाट्यांचा सेट ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट कापून टाका, ते पुन्हा वापरायचे नाहीत.

सेट बाहेर आला की प्रत्येक पाट्याच्या पुढच्या टोकाला खडूने खूण करा. सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं भोक नेहमी बरोबर मध्यावर असतंच असं नाही, आणि पाटा उलटा बसला तर ॲक्सल सरकतो. आता खरा धोका. सेंटर बोल्टचा नट नुसता पान्याने सोडत जाऊ नका. दाबून बसवलेले पाटे आतून एकमेकांना ढकलत असतात आणि नट निघताच सेट उसळून उघडतो. बोल्टच्या दोन्ही बाजूंना दोन मजबूत क्लॅम्प आवळा, मग नट काढा, मग दोन्ही क्लॅम्प आळीपाळीने थोडे थोडे सोडा. तोंड सेटच्या वर नको, बोटं पाट्यांच्या फटीत नकोत.

सुटे पाटे लांबीप्रमाणे जमिनीवर मांडा आणि कॅलिपरने जाडी मोजा. जादा पाटा लपत नाही. त्याची जाडी वेगळी असते, लांबी शेजारच्या पाट्याइतकीच असते, टोकं गॅसने कापलेली असतात. जाडीचा हिशेब लक्षात ठेवा, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ६ मिमीच्या जागी ८ मिमीचा पाटा घातला तर तो एकटा जवळपास २.४ पट ताठ असतो. ट्रकचा एक तुकडा अख्खी गाडी का बिघडवतो, ते यावरून कळेल.

आता वक्रता. अस्सल सेटमध्ये पाटा जितका आखूड, तितकी त्याची कमान जास्त. सुटे पाटे एकावर एक ठेवले की मध्ये थोडी फट दिसते आणि बोल्ट आवळल्यावर ती मिटते. फट दिसत नसेल तर पाटे बसले आहेत, म्हणजे त्यांची कमान गेली आहे, नुसते जादा पाटे काढून गाडी मूळ उंचीवर थांबणार नाही, ती त्याच्याही खाली जाईल. अशा वेळी सेट पाटेवाल्याकडे न्या, पण भट्टी, तेल आणि पुन्हा तापवण्याची सोय असलेल्याकडेच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या नाना पेठेत चौकशी केली तर रस्ता सापडतो. नुसती हातोडीने थंड कमान मारून दिलेला सेट लवकर परत बसतो. डावा आणि उजवा सेट नेहमी जोडीनेच करायचा, एकाच बाजूचं काम करून पैसे वाचत नाहीत.

बसवण्यापूर्वी प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने घासा आणि ग्राफाइट ग्रीसचा पातळ हात द्या. पाट्यांमध्ये साचलेल्या गंजामुळेही गाडी ताठ लागते. कित्येक गाड्या एवढ्यानेच निम्म्या सुधारतात.

परत बसवणे आणि मोजणे

सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या खाचेत बसलंय हे हाताने चाचपून बघा. नवे यू-बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने हलके आवळा, गाडी चाकांवर उतरवा आणि शेवटचा टॉर्क तेव्हाच द्या. शॅकलला (पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या झुलत्या कडीला) रबरी बुश असतील तर त्यांचे नटही गाडी चाकांवर असतानाच घट्ट करायचे. हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

उंची मडगार्डपासून मोजू नका, जुना पत्रा खोटं बोलतो. ॲक्सलच्या वरच्या पृष्ठापासून चेसीच्या खालच्या कडेपर्यंत मोजा, चारही कोपऱ्यांवर. त्याआधी गाडी दोन-तीन मीटर पुढेमागे ढकला आणि बंपर दाबून हलवा. जॅकवरून उतरलेल्या गाडीचे पाटे घर्षणामुळे पूर्ण खाली बसलेले नसतात, तेव्हा माप चुकीचंच येतं.

गाडी एका बाजूला झुकलेली असेल तर दोष पुढे की मागे, हे ओळखायची पक्की रीत आहे. पुढच्या क्रॉसमेंबरच्या बरोबर मध्यावर, चेसीखाली एकच जॅक लावून पुढचा भाग हलका उचला. ॲक्सलखाली नाही, चेसीखालीच. मागची बाजू सरळ झाली तर दोष पुढच्या पाट्यांत, झुकलेलीच राहिली तर मागच्या. त्या अवस्थेत गाडीखाली कोणीही जायचं नाही.

बाकीचं पटापट बघा. आधीच्या मालकाने लांब शॉकॲब्झॉर्बर घातले असतील तर ते आता दाबले जाऊन तळाला आदळतील, कंपनीच्या लांबीचे घ्या. बंप रबर आणि ॲक्सल यांच्यात पुरेशी मोकळी जागा हवी. प्रॉपेलर शाफ्टला नवा थरथराट आला तर पाटा आणि ॲक्सल यांच्यातल्या पाचरीचा कोन तपासा. पुढचं टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते) सुतळीने बघितलं तरी चालतं, पण नंतर एकदा मशीनवर करून घ्या.

यू-बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, आणि पाचशेनंतर आणखी एकदा. पाटे बसतात, बोल्ट सैल होतात, आणि सैल यू-बोल्टने सेंटर बोल्ट तुटतो. मागची बाजू खाली आली की हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. भिंतीसमोर गाडी उभी करून तो खाली करा, मग रंगाऱ्याला बोलवा.