मित्रांबरोबर रानडुकरांच्या शिकारीला जाताय? या चुका टाळा

थंडी सुरू झाली की टेक्सासमधल्या मराठी मंडळींचे मला फोन यायला लागतात. "आम्ही चौघं येतोय, शनिवारची एक रात्र आहे, डुकरं मिळतील ना?" बंदूक कोणाची, जागा कोणाची, परवाना आहे का, यातलं काही कोणी विचारत नाही. गेली बारा वर्षं मी नवख्यांना घेऊन रानात जातोय आणि बारा वर्षं त्याच चुका बघतोय. त्यातल्या दोन चुकांवर मी मनापासून चिडतो, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहिणार आहे.

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा. तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुकराला संरक्षण आहे, परवानगीशिवाय मारता येत नाही. इथलं जनावर मुळात इथलं नाहीच. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं मोकाट सुटली आणि १९३० च्या दशकात शिकारीसाठी सोडलेली युरोपातली रानडुकरं त्यांच्यात मिसळली. मादी सहा-आठ महिन्यांत वयात येते, गाभणकाळ साधारण ११५ दिवसांचा, आणि एका कळपाने एका रात्रीत उकरलेलं शेत बघितलं की शेतकरी शिकाऱ्याला फाटक का उघडतो ते कळतं. इथे डुकरांना हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, रात्रीही मारता येतात. या मोकळीकीमुळेच लोक गाफील राहतात.

"डुकरांना परवाना लागत नाही म्हणे"

१ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. हे सगळ्यांना पाठ असतं, आणि एच-वन-बी व्हिसावर (नोकरीसाठी मिळणारा तात्पुरता व्हिसा) असलेल्या माणसाला नेमकं हेच गोत्यात आणतं.

हा झाला राज्याचा नियम. बंदूक कोणी बाळगायची यावर केंद्राचा कायदा वेगळा आहे. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने बंदूकही बाळगायची नाही आणि काडतुसंही नाही, असा तो कायदा आहे. त्याला अपवाद मोजकेच. आपल्या लोकांना उपयोगी पडतो तो एक: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. म्हणजे डुकरासाठी परवाना नको, पण तुमच्या हातात रायफल यायची असेल तर हवा. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अट नाही. त्यामुळे एकाच गाडीतून आलेल्या चौघांपैकी दोघांना चालतं ते उरलेल्या दोघांना चालत नाही, आणि हे त्या चौघांनाही माहीत नसतं.

तीन वर्षांपूर्वी एका मित्राचा मित्र असाच आला होता. नवे बूट, नवी जॅकेट, शिकारीचे व्हिडिओ बघून झालेले. फाटकाशी उतरल्यावर मी नेहमीप्रमाणे सगळ्यांचे परवाने मागितले. तो म्हणाला, "दादा, डुकरांना लागत नाही ना?" मी व्हिसा विचारला. एच-वन-बी. फोनवरून परवाना काढता आला असता, पण तिथे नेटवर्क नव्हतं, आणि जवळचं गाव चाळीस मिनिटांवर. मी त्याला सांगितलं, आज रात्री तू रायफलला हात लावायचा नाहीस. त्याचं तोंड उतरलं. बाकीचे मला समजवायला लागले, "इथे कोण बघतंय, एकच बार काढू दे की." मी ऐकलं नाही. ज्या माणसाचं घर, नोकरी आणि मुलांची शाळा एका व्हिसावर उभी आहे, त्याने एका डुकरासाठी केंद्राचा गुन्हा अंगावर घ्यायचा? त्याच्या हातात मी थर्मलची, म्हणजे अंधारात अंगाची उष्णता दाखवणारी, दुर्बीण दिली. त्या रात्री कळप सगळ्यात आधी त्यालाच दिसला, आणि पुढच्या खेपेला तो परवाना खिशात घालून आला.

टेक्सासच्या रहिवाशाला साधा परवाना २५ डॉलरना मिळतो. इथे परवान्याचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होऊन ३१ ऑगस्टला संपतं, त्यामुळे गेल्या हिवाळ्यात काढलेला परवाना सप्टेंबरच्या शिकारीला चालत नाही. माझी सवय अशी: तारीख ठरली की प्रत्येकाकडून परवान्याचा फोटो मागवायचा, आणि फोटो आला नाही तर त्याचं नाव बंदुकीच्या यादीतून काढायचं. स्वतःच्या व्हिसाबद्दल जराही शंका असेल तर आधी वकिलाला विचारा, मित्राला नको. सार्वजनिक जमिनीवर तर परवाना सगळ्यांनाच लागतो. जमीनमालकाची परवानगी मी लेखी घेतो, आणि रात्री जायचं असेल तर त्या भागातल्या गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम बघणारा सरकारी अधिकारी) दुपारीच फोन करून ठेवतो. अंधारात दिवे आणि बार ऐकून कोणीतरी तक्रार करतंच.

थर्मलमध्ये दिसलं म्हणून ओळखलं असं नाही

ही दुसरी चूक, आणि हिने माझी झोप उडवली आहे.

थर्मल स्कोप, म्हणजे रायफलवर बसवलेली तशीच दुर्बीण, उष्णता दाखवतो. दोनशे पावलांवर काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके हलताना दिसले की नवख्याचा श्वास वाढतो, बोट चापाकडे जातं. पण तो ठिपका डुकराचा आहे, हरणाचा आहे की मालकाच्या वासराचा, हे यंत्र सांगत नाही. ते आपणच ओळखायचं असतं.

एकदा ओढ्याच्या काठी आम्ही चौघं बसलो होतो. मेस्किटच्या झुडपांपलीकडे पाच आकृत्या दिसल्या (मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण, काटेही तसेच). उंची बेताची, अंग जाड, एकमेकांना लागून उभ्या. पहिल्यांदाच आलेला एक जण माझ्या डावीकडे होता. तो कुजबुजला, "घेऊ?" मी म्हटलं, "थांब." अर्ध्या मिनिटाने परत, "घेऊ का? जातील ना." मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. साधारण दोन मिनिटं आम्ही नुसते बघत राहिलो. मग त्यातल्या एकाने शेपूट झटकली, लांब, गुडघ्यापर्यंत येणारी, टोकाला गोंडा असलेली. वासरं होती. दुपारपर्यंत दुसऱ्या कुरणात असलेली गाय-वासरं मालकाच्या माणसाने संध्याकाळी इकडे सोडली होती आणि आम्हाला सांगायचं राहिलं होतं. दोष त्या माणसाला देऊन उपयोग नाही. बार आमच्याकडून निघाला असता.

तेव्हापासून माझा नियम असा: जनावर चालताना बघितल्याशिवाय बार नाही. डुक्कर चालतं तेव्हा नाक जमिनीला असतं, मान जवळजवळ दिसतच नाही, पुढचा भाग जड आणि मागचा उतरता असतो. कळप एकामागोमाग एक घाईने सरकतो, मध्येच एकमेकांना ढुशा देतो. हरीण चार पावलं टाकून डोकं वर करतं. गाय-वासरू सावकाश असतं. दोन मिनिटं निरखा. खाण्यात गुंतलेलं डुक्कर दोन मिनिटांत कुठे जात नाही, आणि गेलं तर जाऊ द्या.

दुसरं म्हणजे थर्मलमध्ये जनावराच्या मागे काय आहे ते धड कळत नाही. तारेचं कुंपण दिसत नाही, रात्री थंड झालेली पाण्याची टाकी आणि दूरचं घर पार्श्वभूमीत विरून जातं. रायफलची गोळी डुकराच्या आरपार जाऊन पुढे खूप लांब जाऊ शकते. म्हणून मी उजेड असताना मालकाबरोबर गाडीतून पूर्ण जागा फिरतो आणि कागदावर नकाशा काढतो: घर, रस्ता, पंप, गुरं, शेजाऱ्याची हद्द. मग बसायच्या जागेसमोर डाव्या-उजव्या बाजूला दोन खुंट्या ठोकतो आणि अंधार पडताना त्यांना हात शेकायच्या गरम पुड्या बांधतो. थर्मलमध्ये त्या पुड्या दिव्यासारख्या चमकतात. त्या दोन ठिपक्यांच्या बाहेर नळी जाणार नाही, मग समोर कितीही मोठा नर येवो. आठ-दहा तास त्या गरम राहतात, रात्र निघते. खर्च किरकोळ आहे, तरी मी सोडून कोणी हे करताना मला दिसलेलं नाही, कारण त्यासाठी दुपारी तीनला पोचावं लागतं आणि लोक सातला पोचतात.

नेम हरणाचा, जनावर डुकराचं

हरणाच्या शिकारीची चित्रं बघून आलेला माणूस पुढच्या पायाच्या मागे, अंगाच्या मध्यावर नेम धरतो. डुकराचं हृदय त्याहून खाली आणि पुढे असतं, जवळजवळ पुढच्या पायांच्या मधेच. फुप्फुसंही हरणासारखी मागेपर्यंत पसरलेली नसतात. मध्यावर मारलेली गोळी पोटात जाते आणि जनावर मैलभर पळून झाडीत मरतं. मोठ्या नराच्या खांद्यावर तर जाड, चिवट कातडीची ढालच असते, नरांच्या आपापसातल्या मारामाऱ्यांसाठी. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत, खालच्या एक तृतीयांशात नेम धरा. किंचित पाठमोरं तिरकं असेल तर आणखी चांगलं. कानाच्या मागचा नेम ज्याचा हात बसलाय त्याने घ्यावा, पहिल्या रात्री नको.

कुठली काडतुसं चांगली यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. रायफल कुठलीही असो, तिचा स्कोप शंभर यार्डांवर त्याच आठवड्यात नेमाला बसवून आणा. गाडीच्या डिकीतून तीनशे मैल आदळत आलेल्या स्कोपवर माझा विश्वास नाही, म्हणून पोचल्यावर मी प्रत्येकाला उजेडात तीन गोळ्या कागदावर मारायला लावतो. तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या नाहीत तर तो माणूस त्या रात्री दुर्बीण धरतो. रागावतात. रागावू देत.

वारा

डुकराची नजर यथातथाच, पण नाक असं की वाऱ्याची दिशा चुकली तर तुमची सगळी रात्र फुकट. चांगल्या स्कोपवर हजारो डॉलर घालवणारा माणूस टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवत नाही, याचं मला वाईट वाटतं. दर दहा मिनिटांनी चिमूटभर उडवून बघा. सूर्य मावळल्यावर उताराची हवा खाली वाहायला लागते, त्यामुळे संध्याकाळी बरोबर असलेली जागा नऊ वाजता चुकीची ठरू शकते. अशा वेळी मी मुकाट्याने सगळ्यांना उठवतो आणि अर्धा मैल वळसा घालून दुसऱ्या बाजूने आणतो. सिगारेट, अत्तर, कांदा-लसणाचा डबा, सगळं गाडीत.

बाकीच्या चुका, थोडक्यात

दारू. शिकार संपून रायफली रिकाम्या करून पेटीत बंद होईपर्यंत बियरचा एक थेंबही नाही. यावर मी चर्चा करत नाही.

चालताना, कुंपण ओलांडताना, गाडीत चढताना चेंबरमध्ये (नळीच्या मागे, बार काढायच्या जागी) गोळी नसावी. सेफ्टी (चाप अडवणारी कळ) लावली आहे हे उत्तर मी ऐकून घेत नाही.

कानाला संरक्षण प्रत्येकाला, बार काढणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्यालासुद्धा.

दक्षिण आणि पश्चिम टेक्सासात हावेलिना हा डुकरासारखा दिसणारा प्राणी आहे. गळ्याभोवती पांढुरका पट्टा, शेपूट जवळजवळ दिसतच नाही. तो इथला मूळचा, त्याला परवाना आणि संख्येची मर्यादा लागू आहे. डुक्कर समजून मारला तर गुन्हा.

फाटक उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. ओल्या काळ्या मातीत गाडी घालून चाकोऱ्या पाडू नका. मालक पुन्हा बोलावत नाही तो या दोन कारणांनी.

जखमी डुकरामागे लगेच धावत जाऊ नका. अर्धा तास थांबा, मग दोघांनी मिळून माग काढा, आणि रक्त दाट झाडीत शिरलं असेल तर उजाडेपर्यंत थांबा. पडलेल्या डुकराकडे पाठीच्या बाजूने जा, लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. डोळा मिटला तर अजून जिवंत आहे. सुळे वस्तऱ्यासारखे असतात.

मांस

फोटो काढण्यात तासभर घालवतात आणि मांस तोवर तापतं. आधी पोट साफ करा, मग फोटो. साफ करताना हातमोजे घालाच. डुकरांत ब्रुसेलोसिस असतो, तो रक्तातून आणि आतल्या अवयवांतून माणसाला होतो आणि महिनोन्‌महिने ताप पाठ सोडत नाही. मी नायट्राइलचे (डॉक्टर घालतात तसे पातळ रबरी) हातमोजे दुहेरी घालतो, डोळ्यांवर चष्मा, आणि हाताला जखम असलेल्या माणसाला सुरीच देत नाही. कुत्रा बरोबर असेल तर त्याला कच्चं काही खाऊ देऊ नका. डुकरांतला एक विषाणू माणसाला काही करत नाही, पण कुत्र्याला मारतो.

बर्फाच्या पेटीत मांस पाण्यात बुडू देऊ नका. पेटी किंचित तिरकी ठेवून खालची तोटी उघडी ठेवा, बर्फ वरून भरत राहा. मोठा नर फोटोत छान दिसतो, पण त्याच्या मांसाला उग्र वास येतो. खायला तीस-पस्तीस किलोची तरुण मादी घ्या. आणि मांस आतून १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सिअसपर्यंत गेलंच पाहिजे. रंगावरून अंदाज करू नका. थर्मामीटरचं टोक सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता घाला आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.