युगारिटिक वाचायला घेताय? सहाव्या पाटीपासून घ्या

युगारिटिक म्हणजे सीरियातल्या प्राचीन युगारिट नगराची, हिब्रू-अरबीच्या कुळातली भाषा. तिचं नाव काढलं की नवखे लिपीला घाबरतात. कीलाकार असली तरी ती वर्णमाला आहे, चिन्हं अवघी ३०. थोड्या सरावाने डोळ्यांत बसतात. घाम फुटतो तो पुढे. तीन अलिफ (अ, इ, उ दाखवणारी चिन्हं) सोडले तर स्वर लिहिलेलेच नाहीत, त्यामुळे क्रियापद 'त्याने मारलं' आहे की 'मार!' हे पुष्कळदा संदर्भावरून ठरवायचं. म्हणून आधी हिब्रू नाहीतर अरबी पक्की करा, असा माझा आग्रह असतो.

सीरियात लाताकियाजवळ रास शामराला, म्हणजे युगारिटच्या जागी, १९२९ मध्ये उत्खनन सुरू झालं, १९३० मध्ये लिपी उलगडली. बआल देवाची कथा इलिमिल्कू नावाच्या लेखनिकाने लिहिलेल्या मातीच्या सहा पाट्यांवर आहे. पहिल्या दोन इतक्या फुटक्या आहेत की तिथून सुरुवात केलेला विद्यार्थी गहाळ मजकूर दाखवणाऱ्या कंसांतच हरवतो. मी सरळ सहावी काढायला सांगते. बआल मेलाय, गादी रिकामी. अथ्तर नावाचा दुसरा देव सिंहासनावर बसून बघतो: पाय पायपीठाला टेकत नाहीत, डोकं वरच्या टोकाला पोचत नाही. बिचारा मुकाट उतरतो. प्रत्येक ओळीला जोडओळ आहे, त्यामुळे एकीतला शब्द अडला तर दुसरी हात देते. मोठ्याने वाचा, कानाला ते लगेच कळतं.

त्याच पाटीवर अनात देवी मृत्युदेव मोतला धरते. तलवारीने चिरते, पाखडते, आगीत जाळते, जात्यात दळते आणि शेतात पेरते. हा सुगीचा विधी आहे असं अनेक अभ्यासक म्हणतात. मला ते पटत नाही. दळलेलं पेरून काय उगवणार? मोत मात्र सातव्या वर्षी परत हजर.

आपल्याकडच्या वाचकाला समुद्रदेव यम्मशी (आपला यमराज नव्हे) लढणाऱ्या बआलमध्ये लगेच इंद्र-वृत्र दिसतात. दिसू द्या, पण पहिल्या वर्षी त्यावर निबंध लिहू नका.

नोकरीचं म्हणाल तर केवळ युगारिटिकसाठी जागा क्वचितच निघते. बायबल-अध्ययन किंवा प्राचीन पश्चिम आशियाच्या विभागांतच वाट काढावी लागते, तेव्हा जोडीला अक्कादी ही मेसोपोटेमियाची प्राचीन भाषा ठेवा. आणि व्याकरणाने जीव मेटाकुटीला आला की केटीयू १.११४ (केटीयू म्हणजे युगारिटिक मजकुरांचा क्रमांकवार संग्रह) काढा: देवाधिदेव एल पिऊन इतका तर्र होतो की घरी न्यायला दोघांना आधार द्यावा लागतो, आणि पाटीच्या शेवटी उताऱ्याचं औषध दिलंय, त्यात कुत्र्याचे केस.