आहाराचा हिशेब वाणसामानाच्या यादीतून

दीर्घकालीन आरोग्यासाठी आहार सुधारायचा म्हटले की चर्चा बहुधा चिया, किन्वा किंवा सकाळी अनशापोटी घ्यायच्या कुठल्यातरी रसापाशी येऊन थांबते. रक्तवाहिन्या, यकृत आणि मूत्रपिंडे यांच्यावर वर्षानुवर्षे परिणाम होत राहतो तो मात्र रोजच्या तेलाचा, मिठाचा, साखरेचा आणि ताटातल्या भात-पोळीचा. म्हणून सुरुवात वाणसामानाच्या यादीपासून करावी. मागील दोन महिन्यांची बिले समोर घ्यावीत आणि ॲपवरून अधूनमधून मागवलेल्या चिवडा-बिस्किटांची बिलेही त्यांत धरावीत, कारण खरी गोम अनेकदा तिथेच असते.

आधी तेल पाहावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतील २,००० किलोकॅलरींच्या नमुना आहारात तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरले आहे, म्हणजे चहाचे साधारण सहा चमचे. चार प्रौढांच्या घराला महिन्याला हे सव्वातीन किलो, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर होते, आणि त्यात तूप व लोणीही आले. पाच लिटरचा कॅन महिनाअखेरीपर्यंत पुरत नसेल तर दोष तेलाच्या ब्रँडमध्ये शोधण्यात अर्थ नाही. एक तारखेला महिन्याचे तेल वेगळे काढावे आणि फोडणीसाठी ते बाटलीतून थेट कढईत न ओतता चमच्याने मोजून घ्यावे. लाकडी घाण्याचे तेल चवीला उत्तम असते, परंतु त्याच्याही एका ग्रॅममधून नऊ किलोकॅलरीच मिळतात. शेंगदाणा, करडई, तीळ ही तेले आलटूनपालटून वापरावीत. तूप आणि खोबरेल यांत संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) अधिक असल्याने त्यांच्या बाबतीत हात आखडता ठेवावा.

मिठाचा हिशेब अधिक सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. चौघांच्या घरात एक किलोची पिशवी त्या मानाने किमान पन्नास दिवस पुरली पाहिजे, आणि पापड, लोणचे, फरसाण व बाहेरचा वडापाव यांतून येणारे मीठ लक्षात घेतले तर त्याहूनही जास्त. सैंधव घेऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते आणि त्यात बहुधा आयोडीन घातलेले नसते. साखरेच्या बाबतीत गूळ आणि मध यांना नैसर्गिक म्हणून सूट देण्याची पद्धत आहे. शरीर ती सूट देत नाही. साखर, गूळ, मध आणि फळांचे रस यांतून मिळणारी साखर मिळून माणशी दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलेली बरी.

यादीत कमी पडते ती भाजी. वरील नमुना आहारात माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आहेत, म्हणजे चौघांसाठी दीड किलोहून अधिक. लोकलचा प्रवास करून रात्री आठला घरी पोहोचणाऱ्या माणसाने मेथी निवडत बसावे ही अपेक्षा फाजील आहे. त्यामुळे रविवारी दादरच्या बाजारातून आठवड्याची भाजी आणताना क्रम ठरवावा: पालेभाज्या सोमवार-मंगळवारी संपवाव्यात, गवार-भेंडी मधल्या दिवसांत करावी, आणि लाल भोपळा, सुरण, कोबी शेवटासाठी राखावेत.

भाजीइतकाच भर उसळींवर द्यावा. मूग, मटकी रात्रभर भिजवून फडक्यात बांधल्यावर मुंबईच्या दमट हवेत मोड लवकर येतात, पण ते चिकट होऊन आंबूसही लवकर होतात. म्हणून मोड दिसू लागताच कडधान्य फ्रिजमध्ये ठेवावे. मोड आल्याने फायटेट हे लोहाच्या शोषणात अडथळा आणणारे द्रव्य कमी होते आणि लोह अधिक शोषले जाते. ताटात लिंबू पिळल्यास त्याला आणखी मदत होते, तर जेवणावर लगेच चहा घेतल्यास उलटे होते. उसळ वाढली की डब्यातली एक-दोन पोळ्यांची जागा आपोआप कमी होते, आणि हेच साधायचे आहे, कारण धान्यांतून एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून अधिक मिळू नये असे राष्ट्रीय पोषण संस्थेची तीच तत्त्वे सांगतात. उरलेल्या धान्यात ज्वारी आणि नाचणी यांना वाटा द्यावा. नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. नाचणीची म्हणून विकली जाणारी बिस्किटे घेताना मात्र घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, तेव्हा पहिले नाव मैद्याचे असेल तर नाचणी नावापुरतीच आहे. मासे खाणाऱ्यांनी पापलेटसाठी खिसा रिकामा करण्याऐवजी बांगडा आणि तारली घ्यावी, त्यांत ओमेगा-३ मेद भरपूर असतात. शुद्ध शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वासाठी दूध-दही हाच आधार आहे; ते पुरत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज सर्वांत महाग पडू शकतो. उद्यानांबाहेर सकाळी मिळणारा दुधीचा रस कडू लागला तर पहिल्याच घोटाला टाकून द्यावा. कडू दुधीतील कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्यांमुळे उलट्या, रक्तस्राव आणि क्वचित मृत्यूही ओढवतो. भाजीसाठीही दुधी चिरल्यावर एक बारीक तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. पावसाळ्याच्या तोंडावर मिळणारी शेवळे ही रानभाजी अशीच जपून, काकडे ही आंबट रानफळे किंवा चिंच घालून नीट शिजवावी लागते, नाहीतर घसा खाजतो.

हे बदल तीन महिने टिकवून मगच रक्ततपासणी करावी. एचबीए१सी ही चाचणी साधारण तेवढ्याच काळातील सरासरी साखर दाखवते, त्यामुळे पंधरा दिवसांनी ती पुन्हा करून पैसे घालवण्यात हशील नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असल्यास भात-पोळी कमी करण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे, कारण औषधाची मात्रा तीच राहिली तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.